जुनी गाडी, चोख हिशेब

आमचे दुकान वडगाव मावळच्या बाजारपेठेत आहे. तीन पिढ्यांचा किराणा-भुसाराचा व्यवहार. त्यातला अर्धा वहीवर, अर्धा शब्दावर. काही वर्षांपूर्वी वडिलांनी घरातील जुनी मोटार विकली, तीही शब्दावरच. घेणारा ओळखीचा होता. पैसे वेळेवर मिळाले, फॉर्मवर सह्या झाल्या, किल्ली हातात दिली, पेढे वाटले. "नाव लवकरच बदलून घेतो, काका," असे तो म्हणाला आणि वडिलांच्या दृष्टीने व्यवहार संपला.

दोन वर्षांनी एका सकाळी दुकानात नोटीस आली. त्या गाडीने एका दुचाकीस्वाराला धडक दिली होती. त्या तरुणाचा पाय मोडला होता, गाडीच्या विम्याची मुदत संपलेली होती आणि परिवहन खात्याच्या नोंदीत मालक म्हणून नाव अजून वडिलांचेच होते. घेणारा मनाने सज्जन, म्हणून त्याने भरपाईचा निम्मा भार उचलला. उरलेला निम्मा आम्ही भरला. गाडी विकून जेवढे मिळाले होते, त्याहून ती रक्कम अधिक होती.

त्या प्रसंगानंतर आमच्या घरात जुन्या गाड्यांचे तीन व्यवहार झाले आणि तिन्ही लाभाचे ठरले. म्हणून हा लेख जुनी गाडी घेऊ नका असे सांगण्यासाठी नाही. आपल्यासारख्या व्यापारी कुटुंबाला चांगली जुनी गाडी हाच पुष्कळदा शहाणपणाचा मार्ग असतो. मात्र तिच्यातील बचत विकत घेण्याच्या दिवशी हाती येत नाही. ती तपासणीत, कागदांत आणि देखभालीत टिकवावी लागते. यांपैकी एक जागा जरी गळकी राहिली, तरी सारा नफा तेथून वाहून जातो.

किंमत निराळी, खर्च निराळा

प्रथम वहीचा हिशेब मांडू. समजा, एक नवी गाडी सर्व करांसह 9 लाखांना पडते आणि पाच वर्षांनी साडेचार लाखांना विकली जाते. वर्षाला 90 हजार रुपयांची घट झाली. तीच पाच वर्षे जुनी गाडी आपण साडेचार लाखांना घेतली आणि आणखी पाच वर्षे वापरून दोन लाखांना विकली, तर घट वर्षाला 50 हजारांची. जुन्या गाडीच्या दुरुस्तीला नव्यापेक्षा वर्षाला 15 हजार अधिक लागले असे धरले, तरी वर्षाकाठी 25 हजार शिल्लक राहतात. शिवाय साडेचार लाखांचे भांडवल दारात उभे न राहता दुकानात फिरते. त्याचा लाभ काय, हे व्यापाऱ्याला सांगावे लागत नाही.

हे आकडे केवळ रीत दाखवण्यासाठी आहेत. प्रत्येकाने आपल्या गाडीचे आकडे घालून पाहावेत. पण त्यातून एक गोष्ट लक्षात येईल. चुकीची गाडी गळ्यात पडून एकदा इंजिन उघडावे लागले, तर त्या एका बिलात तीन-चार वर्षांची शिल्लक जाते.

तुलना करताना नव्या गाडीचा आजचा भाव धरावा. 22 सप्टेंबर 2025 पासून लहान मोटारींवरील जीएसटी 18 टक्क्यांवर आला आणि नव्या गाड्या स्वस्त झाल्या. जो विक्रेता जुन्या गाडीचा भाव त्याआधीच्या किमतीवरून सांगतो, त्याला हे आठवण करून द्यावे.

आपला वापर किती, हाही प्रश्न आधी सोडवावा. घर ते दुकान, दुकान ते गोदाम, आठवड्यातून एकदा पुण्याचा मार्केट यार्ड, एवढीच धाव असेल तर डिझेल गाडीचा मोह धरू नये. 2020 नंतरच्या बीएस-6 डिझेल गाड्यांत धुराची काजळी पकडणारी जाळी असते. ती साफ होण्यासाठी गाडी अधूनमधून मोकळ्या रस्त्यावर सलग वेगाने धावावी लागते. गावातल्या गावात फिरणाऱ्या गाडीत ती जाळी तुंबते आणि तिचा खर्च जबर असतो.

स्वस्ताई कशाची, ते विचारावे

भावाहून फार स्वस्त माल दिसला की आपण दुकानात विचारतो, का? गाडीबाबतही हाच प्रश्न विचारावा. उत्तर नेहमी वाईटच असते असे नाही, पण ते ठाऊक असावे.

आपल्या तळेगावचेच उदाहरण घ्या. जनरल मोटर्सचा कारखाना येथे 2008 मध्ये सुरू झाला आणि शेवरोले नावाच्या लहान गाड्या मावळातून देशभर गेल्या. 2017 मध्ये कंपनीने भारतातील विक्री थांबवण्याचे जाहीर केले. 2020 च्या अखेरीस तळेगावचे उत्पादनही बंद झाले आणि पुढे हा कारखाना ह्युंदाईकडे गेला. विक्री थांबताच त्या गाड्यांचे जुन्या बाजारातील भाव कोसळले. गाडी तीच होती, पण सुट्या भागांची आणि अनुभवी कारागिराची शाश्वती कमी झाली. फोर्डनेही 2021 मध्ये येथील उत्पादन थांबवल्याचे जाहीर केल्यावर ग्राहकांच्या मनात हीच शंका आली. अशी गाडी कधीच घेऊ नये असे नाही. पण घेण्याआधी क्लच प्लेट, हेडलाइट, दरवाजाची काच अशा चार-पाच भागांचे भाव आणि मिळण्याचा कालावधी चौकशी करून पाहावा. भाग मिळण्यास महिना लागत असेल, तर तो महिना गाडी गॅरेजमध्ये उभी राहणार, हे किमतीत धरावे.

दुसरे उदाहरण दिल्लीच्या गाड्यांचे. राजधानी परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर निर्बंध आल्यामुळे तेथील गाड्या कमी भावाने इतर राज्यांत येऊ लागल्या. अशा गाडीला मूळ कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र हवे, महाराष्ट्राचा रस्ता कर भरायला हवा आणि येथे पुन्हा नोंदणी करायला हवी. हे सर्व जमेस धरल्यावर पुष्कळदा स्वस्ताई उरत नाही.

तिसरी स्वस्ताई सर्वांत घातक, ती पाण्यात बुडालेल्या गाडीची. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या पाण्याखाली गेल्या. अशा गाड्या धुऊनपुसून दूरच्या गावी विकल्या जातात. बाहेरून चकाकी असते. आत वायरिंग हळूहळू कुजत असते. ओळखण्याच्या खुणा सोप्या आहेत. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून पाहावा, टोकाकडे चिखलाची रेघ दिसते. सीटखालचे बोल्ट गंजलेले असतात. गालिच्याखाली आणि सुट्या चाकाच्या खळग्यात बारीक गाळ सापडतो. काचा बंद करून दहा मिनिटे बसले की कुबट वास येतो.

खोटे माप

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांत चोरीचा माल घेणे, मापात कमी-अधिक करणे आणि अस्सलाच्या जागी नक्कल खपवणे हे तीन आहेत. जुन्या गाड्यांच्या बाजारात हे तिन्ही आजही भेटतात. चोरीच्या मालाची परीक्षा चॅसिस नंबर करतो. खोटे माप म्हणजे मागे फिरवलेला किलोमीटरचा काटा. नक्कल म्हणजे नामांकित कंपनीच्या खोक्यातील बनावट सुटे भाग.

काटा फिरवला आहे काय, हे काट्याकडे पाहून कळत नाही. बाकीच्या वस्तू साक्ष देतात. अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी गेली असेल, तर तेथील नोंदीत तारीख आणि किलोमीटर दोन्ही असतात. त्या विक्रेत्याकडून मागवाव्यात. टायरच्या बाजूवर चार अंकी आकडा असतो. त्यातले पहिले दोन अंक आठवडा आणि पुढचे दोन वर्ष सांगतात; 2321 म्हणजे 2021 चा तेविसावा आठवडा. गाडी 2021 ची, काटा केवळ 25 हजार दाखवतो, आणि चारही टायर मात्र गेल्या वर्षीचे, असे असेल तर का बदलले ते विचारावे. पायाखालचे पेडल, स्टिअरिंगची कड, गिअरची मूठ यांची झीज खोटे बोलत नाही.

आणि आपण विकणारे असलो, तर ही परीक्षा आपल्यालाही लागू आहे. "डावीकडचा दरवाजा ठोकून रंगवला आहे, क्लच पुढल्या वर्षी बदलावा लागेल," असे आपणहून सांगितले तर भाव पाच-दहा हजारांनी उतरेल. पण पेढीचे नाव त्याहून मोलाचे आहे.

चढावरची परीक्षा

बाजारपेठेतील सपाट रस्त्यावर पाच मिनिटे फिरवून गाडी कळत नाही. आपल्या भागात परीक्षेसाठी उत्तम जागा आहेत. लोणावळ्याहून पवनानगरकडे जाताना दुधिवऱ्याच्या खिंडीचा चढ लागतो. तेथे गाडी घेऊन जावी. चढावर वरच्या गिअरमध्ये जोर दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो पण गाडी पुढे सरकत नसेल, तर क्लच संपत आला आहे. उतरताना ब्रेक दाबल्यावर पायाला थरथर जाणवली, तर डिस्क वाकडी झाली असावी. गाडी एका बाजूला ओढत असेल, तर ब्रेक, टायर किंवा चाकांची जुळणी यांत दोष आहे.

गाडी पाहायला सकाळी जावे आणि इंजिन आधी तापवून ठेवू नका, असे विक्रेत्याला सांगावे. थंड इंजिन सुरू होताना निळसर धूर आला तर इंजिन ऑइल जळते आहे. पांढरा धूर थांबतच नसेल आणि कूलंट कमी होत असेल, तर इंजिनच्या आत पाणी शिरत असण्याची शंका घ्यावी. बॉनेट आणि दरवाजांच्या फटी सारख्या आहेत काय, पत्र्याच्या कडेला रंगाचे शिंतोडे आहेत काय, हे उन्हात पाहावे. पावसात किंवा संध्याकाळी गाडी पाहू नये. शेवटी आपल्या विश्वासातील मेकॅनिककडून ती लिफ्टवर चढवून खालून तपासावी. त्याला पाचशे-हजार रुपये मेहनताना आपण द्यावा, विक्रेत्याने नव्हे. तराजू ज्याचा, त्याच्याकडे माप झुकते.

नाव बदलेपर्यंत विक्री झालेली नाही

आता आमच्या घराने किंमत मोजून शिकलेला धडा. फेब्रुवारी 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात स्पष्ट केले की, परिवहन खात्याच्या नोंदीत ज्याचे नाव आहे, तोच कायद्याच्या दृष्टीने मालक. त्या प्रकरणात 2007 मध्ये विकलेली गाडी हातोहात पुढे गेली होती आणि 2009 मध्ये तिचा अपघात झाला. नोंद मात्र पहिल्याच मालकाच्या नावे राहिली होती. भरपाईची जबाबदारी त्याच्यावर आली.

म्हणून फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून किल्ली देणे म्हणजे विक्री नव्हे. विक्री झाल्यावर त्याच राज्यात 14 दिवसांच्या आत विकणाऱ्याने नोंदणी कार्यालयाला कळवायचे असते, आणि घेणाऱ्याने 30 दिवसांत. ते आपणच कळवावे, पोच घ्यावी, आणि ऑनलाइन नोंदीत नवे नाव दिसेपर्यंत किमतीतील थोडा भाग किंवा गाडीची दुसरी किल्ली राखून ठेवण्याची अट आधीच ठरवावी. ओळखीच्या माणसाशी असे कसे वागावे, हा संकोच सोडावा. चोख लिहिलेला व्यवहार ओळख टिकवतो. 1 एप्रिल 2023 पासून नियमांत बदल होऊन अधिकृत नोंदणी असलेल्या जुन्या गाड्यांच्या विक्रेत्याकडे गाडी सोपवल्याची सूचना देण्याची सोयही झाली आहे. दलालाकडे गाडी ठेवणार असाल, तर तो असा अधिकृत आहे काय, हे पाहावे.

घेताना पाहायचे कागद असे:

– नोंदणी प्रमाणपत्रावरील चॅसिस आणि इंजिन नंबर गाडीवरील नंबरशी स्वतः ताडून पाहावेत.

– कर्जाचा बोजा. कर्ज फिटले तरी नोंदीवरून बोजा उतरलेला नसतो. बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म 35 यांशिवाय पुढे जाऊ नये.

– थकलेले ई-चलान, पीयूसी, आणि 1 एप्रिल 2019 पूर्वीची गाडी असल्यास नवी सुरक्षा नंबरप्लेट.

– नोंदणीची मुदत. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. एप्रिल 2022 पासून त्यापुढील नूतनीकरणाचे शुल्क 600 वरून 5,000 रुपये झाले. शिवाय पर्यावरण कर आणि योग्यता तपासणी आहेच. तेरा-चौदा वर्षांची गाडी घेताना हा खर्च दारात उभा आहे, असे समजावे.

– विमा. तो आपल्या नावावर 14 दिवसांत करून घ्यावा. दावा न केल्याबद्दल मिळणारी सवलत, म्हणजे नो क्लेम बोनस, हा माणसाचा असतो, गाडीचा नव्हे. पाच वर्षे दावा न केल्यास तो 50 टक्क्यांपर्यंत जातो. आपली जुनी गाडी विकताना त्याचे पत्र विमा कंपनीकडून घ्यावे, म्हणजे पुढल्या गाडीला तो वापरता येतो. पुष्कळ कुटुंबे हे हजारो रुपये सहज सोडून देतात.

– फास्टॅग. विकणाऱ्याने आपला टॅग त्याच दिवशी बंद करावा, नाहीतर द्रुतगती मार्गाचा टोल आपल्याच खात्यातून जात राहतो.

गाडी पेढीच्या नावावर असेल, तर आणखी एक बाब. जीएसटी नोंदणी असलेल्या पेढीने जुनी गाडी विकली, तर जानेवारी 2025 पासून सर्व जुन्या मोटारींवर 18 टक्के दर आहे; पण तो पूर्ण किमतीवर नसून केवळ फरकावर आहे. घसारा घेतला असेल, तर विक्री-किमतीतून वहीतील घसारा-वजा किंमत वजा करायची. वहीत 6 लाख आणि विक्री 7 लाखांना, तर कर एक लाखावर, म्हणजे 18 हजार. विक्री साडेपाच लाखांना झाली, तर फरक उणे आहे आणि कर नाही. खरेदीच्या वेळी कराची वजावट घेतलेली नसावी, ही अट आहे. व्यवहारापूर्वी करसल्लागाराला विचारावे, नंतर नव्हे.

लोणावळ्याचा पाऊस आणि गाडीचा पत्रा

पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. लोणावळ्यात चार हजारांहून अधिक. तळेगावकडे येता येता तो झपाट्याने उतरतो. म्हणजे पुण्यातील आणि खंडाळ्यातील गाडी एकाच वर्षाची असली, तरी दोघींचे वय सारखे नसते. लोणावळ्यात सदैव उघड्यावर उभी असलेली गाडी घेताना दरवाजांच्या खालच्या कडा, चाकांवरच्या कमानी आणि तळाचा पत्रा बोटाने दाबून पाहावा. वरचा गंज घासून निघतो. पण दाबल्यावर पत्रा भुसभुशीत लागला, तर ती गाडी सोडावी.

देखभालीचा क्रम पावसाच्या आधी सुरू होतो. मे महिन्यात तळाला गंजरोधक लेप, नवे वायपर, दरवाजांखालची पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी करणे, आणि बॅटरीची तपासणी, एवढे केले की चातुर्मास निर्धास्त जातो. टायरची नक्षी कायद्याने किमान 1.6 मिलिमीटर खोल हवी. आपल्या पावसात ती त्याहून बरीच अधिक असतानाच टायर बदलावा. एप्रिल 2023 पूर्वीच्या पेट्रोल गाड्या 20 टक्के इथेनॉलच्या इंधनासाठी बनलेल्या नव्हत्या. त्यांच्या इंधनाच्या रबरी नळ्या दर सर्व्हिसला पाहून घ्याव्यात.

लोणावळ्यातील बंगल्यात आठवडाभर उभ्या राहणाऱ्या गाड्यांची दुखणी निराळी. ओलाव्यात हँडब्रेक ओढून ठेवला तर तो गंजून चिकटतो. सपाट जागी गाडी गिअरमध्ये ठेवून चाकाला लाकडी ठोकळा लावावा. ओल्या गाडीवर आच्छादन घालू नये. आठवड्यातून एकदा तरी अर्धा तास गाडी चालवावी; जागच्या जागी इंजिन सुरू ठेवून बॅटरी नीट भरत नाही. पावसाळ्यात उंदीर इंजिनच्या उबेला येऊन वायर कुरतडतात. त्यांच्यासाठी विष किंवा चिकट सापळा ठेवणे आपल्या घरात शोभत नाही, आणि त्याची गरजही नाही. गाडीत खाण्याचा कण राहू देऊ नये, धान्याच्या पोत्यांपासून ती दूर उभी करावी, हवेच्या मार्गाला बारीक तारेची जाळी बसवून घ्यावी, आणि रात्री बॉनेट थोडे उघडे ठेवावे म्हणजे आत अंधारी उबदार जागा उरत नाही. जुन्या गाडीत चामड्याची सीट असेल, तर ती बदलण्याचा खर्च आधीच भावातून वजा करून घ्यावा.

कोठे काटकसर करू नये

धुणे, पॉलिश, संगीताचे यंत्र, चकचकीत चाके यांत मनसोक्त काटकसर करावी. इंजिन ऑइल, एअर फिल्टर, स्पार्क प्लग ही कामे चांगल्या स्थानिक गॅरेजमध्ये अधिकृत सेंटरहून स्वस्तात होतात. भाग मात्र अस्सल आणि पक्क्या बिलाचा घ्यावा.

चार गोष्टी मात्र या काटकसरीबाहेर ठेवाव्यात: ब्रेक, टायर, दिवे आणि कूलंट. लोणावळ्याहून खोपोलीला उतरताना थोड्याच अंतरात सुमारे साडेपाचशे मीटरची उंची सोडावी लागते. सारा उतार ब्रेकवर पाय ठेवून उतरला, तर पॅड तापतात आणि अखेरीस ब्रेक लागेनासा होतो. खालच्या गिअरमध्ये उतरावे, इंजिनच गाडी आवरून धरते. पॅडही दीर्घकाळ टिकतात. येथे सुरक्षा आणि बचत एकाच दिशेला आहेत.

दिव्यांचे कारण आपल्याला अधिक जवळचे आहे. शेषकाळात मुंबई-पुणे जुन्या महामार्गाने साधु-साध्वींचा विहार सुरू असतो. पहाटेच्या धुक्यात, रस्त्याच्या कडेने, अनवाणी चालणारी ती पांढरी वस्त्रे पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या उजेडात फार उशिरा दिसतात. हेडलाइटची काच घासून स्वच्छ करण्यास काही शे रुपये लागतात. ते वाचवून कोणी श्रीमंत झालेला नाही.

आमच्या दुकानातील गल्ल्यामागच्या कपाटात आता एक फाईल असते. तीत प्रत्येक गाडीचे आरसी, विमा, सर्व्हिसची बिले आणि विकलेल्या गाड्यांच्या नाव-बदलाची पोच, सारे क्रमाने लावलेले. गेल्या वर्षी आम्ही गाडी विकली तेव्हा घेणारा म्हणाला, "काका, किल्ली द्या, नाव सावकाश करू." वडिलांनी त्याला चहा पाजला, दुकान माझ्या ताब्यात दिले, आणि स्वतः त्याच्याबरोबर परिवहन कार्यालयात गेले. दुसरी किल्ली त्यांनी नोंदीत नवे नाव आल्यावर दिली, आणि पेढेही त्याच दिवशी वाटले.